निवडणीच्या वरांड्यातली भिंत

चुना मारा, असं मी कुणालाही सांगितलं नव्हतं. मी म्हणाले होते, "उद्या साहेब येणारेत, जरा झाडून घ्या." झाडून! आता एवढ्याशा बोलण्यातून भिंतीला चुना, खाली गेरूची किनार अन् खांबाला आंब्याच्या डहाळ्या इतकं सगळं कसं निघतं, ते आमच्या कंपनीतल्या बायांनाच विचारा.

कंपनी म्हणजे आमचं गावच. वसमतच्या अलीकडं, मुख्य रस्त्यापासून आत. कधीकाळी इथं कापसातली सरकी काढायची कंपनी होती. कामगारांसाठी तीन ओळी खोल्या, मॅनेजरचा बंगला, पाण्याचा हौद, शाळेची खोली, सगळं कंपनीचं. मी चार-पाच वर्षांची असताना ती बंद पडली. यंत्रं गेली, पत्रे गेले, बंगल्याच्या खिडक्या ज्याला जमल्या त्यानं घरी नेल्या. माणसं मात्र खोल्यांतच राहिली. एसटीचा कंडक्टर आजही "कंपनीवाले चला पुढं" म्हणून ओरडतो, आणि आम्ही निमूट पुढं होतो.

उरला तो एक वरांडा. निवडणीचा. लांबच लांब, दगडी खांबांचा, मागं सलग एकच भिंत. छप्पर इतकं पुढं आलेलं की पावसाचा थेंब भिंतीपर्यंत पोचत नाही. तिथं बाया भिंतीला पाठ लावून ओळीनं बसायच्या आणि कापसातला पाला, काडी, किडक्या बोंडाची कवडी वेचून बाजूला टाकायच्या. उजाडल्यापासून दिवस कलेपर्यंत. खांबाजवळ वारा लागायचा, दाराजवळ धूळ यायची, म्हणून जागेवरून रोजची भांडणं. शेवटी प्रत्येकीनं आपल्या डोक्याच्या वर भिंतीवर खूण करून टाकली. कुणाचा गेरूचा पंजा, कुणाची हळदीची पाच बोटं, कुणाची कुंकवाची चिमणी. लिहिता-वाचता येणारी त्यांच्यात एकही नव्हती. खूण असली की जागा तिची. ती बाळंतपणाला गेली तरी तिथं दुसरी बसायची नाही.

माझी माय त्या ओळीत होती.

माय गेली तेव्हा मी दहावीला होते. तिचा फोटो नाही. एकसुद्धा नाही. फोटो काढायचा म्हणजे वसमतला जायचं, आणि वसमतला ती जायची ते हळदीच्या कामाला. सही तिला येत नव्हती. तिची दोन लुगडी होती, त्यांची गोधडी झाली आणि गोधडी फाटून संपली. म्हणजे या जगात माझ्या मायनं स्वतःच्या हातानं केलेलं काही उरलं असेल तर ते त्या भिंतीवर. मला तेवढंच वाचवायचं होतं. बाकी लोकांना मी वारसा, इतिहास, पुढची पिढी असं बरंच काही सांगत होते, पण खरं हे.

ओळीत खांबापाशी एक निळं फूल होतं, आठ पाकळ्यांचं, कपड्याला लावायच्या निळीनं काढलेलं. ते मायचं. आमच्या घरात निळ्या रंगाचं काय होतं ते काय सांगायचं! जयंतीच्या मिरवणुकीसाठी माय आठवडाभर आधीपासून निळीच्या पाण्यात कापड बुडवायची. आणि मला पुसट आठवतं की मी तिच्या मांडीवर आडवी आहे आणि वर काहीतरी निळं आहे. मग अजून काय पाहिजे? मी ठरवून टाकलं. कुणाला विचारलं का? नाही. विचारायचं काय त्यात!

ग्रामपंचायतीला तिथं दुकानांचे गाळे काढायचे होते. वरांडा पाडायचा, भिंत पाडायची, शटर बसवायचे. हे कळलं तशी मी जी अर्जांमागं लागले ते तीन वर्षं. मी शाळेत मास्तरीण, मला अर्जाची काय भीती? जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या खात्याला लिहिलं, कलेक्टर कचेरीला लिहिलं, हिंगोलीच्या किती चकरा मारल्या देव जाणे. वारंगा फाट्यावर गाडी बदलताना तिथला चहावाला म्हणायचा, "मॅडम, भिंत काय म्हणते?" बरं, बाहेरच्यांचं एक वेळ ठीक. आपल्या लोकांनी काय केलं? सभा घेतली मी. म्हटलं, कंपनीची आठवण जपायची, तर काय काय जपायचं ते सांगा. आमच्याच खोल्यांच्या ओळीतले एक काका, कंपनीत फिटर होते, उभे राहिले आणि अर्धा तास बंगल्यावर बोलले. मॅनेजरला कोणता कुत्रा होता, कुत्र्याला काय खायला घालायचे, गेटची कमान किती उंच होती. सगळे माना डोलवत ऐकत होते. मी म्हटलं, "काका, निवडणीच्या बाया?"

"त्या होत्या ना," काका म्हणाले. "त्या तर होत्याच."

झालं. संपलं. कुत्र्याला अर्धा तास आणि शंभर हातांना एवढं एक वाक्य. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की सभा तिथंच सोडून मी घरी आले. वर काका दुसऱ्या दिवशी विचारतात, "गाळे निघाले तर पोरासाठी एक मिळंल का? तुमची वळख हाय ना वर?"

मग मी ठरवलं, कुणाची गरज नाही. फाईल मीच करणार. सुट्टीच्या दिवशी भिंतीसमोर स्टूल ठेवून एकेका खुणेचा फोटो काढला. निळ्या फुलाच्या बाजूला कसलातरी काळा डाग होता, तळहाताएवढा, चिकट. फोटोत तो डोळ्यांत खुपायला लागला. कंपनी बंद झाल्यावर तिथं कुणीकुणी चुली मांडल्या होत्या, त्यातला धूर असेल म्हणून मी ओल्या फडक्यानं पुसला. निघेना. घरी जाऊन साबण आणला, परत पुसला, तेव्हा कुठं निघाला. आधीचे फोटो मोबाईलमधून काढून टाकले आणि नवे काढले. काय सुंदर आलं फूल! फाईलच्या पहिल्या पानावर तेच लावलं, खाली लिहिलं, 'माझ्या आईच्या हातची खूण'.

भिंतीला कुणी हात लावू नये म्हणून दोरी बांधली आणि पाटी लावली. निवडणीच्या बायांतल्या, तोपर्यंत म्हाताऱ्या झालेल्या चार-सहा जणी दुपारच्या त्याच वरांड्यात येऊन टेकायच्या. त्यांना म्हटलं, मावशी, आता इथं बसायचं नाही, पाठीचं तेल भिंतीला लागतं, खुणा जातील. त्या उठल्या. समोरच्या लिंबाखाली बसायला लागल्या. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मला वाटलं, शहाण्या आहेत, समजून घेतात.

आणि एकदाचं पत्र आलं. खात्याचा माणूस गुरुवारी येऊन भिंत पाहणार. त्यानं यादीत घेतलं तर भिंत वाचली, नाही घेतलं तर गाळे. बुधवारी मला शाळेच्या कामानं हिंगोलीला जाणं भाग होतं, म्हणून निघताना मावश्यांना ते वाक्य बोलून गेले. झाडून घ्या म्हणून.

गुरुवारी सकाळी फाईल छातीशी धरून मी वरांड्यात आले आणि समोर पांढरं. सगळी भिंत पांढरीफेक. नुसता चुन्याचा वास. दोरी गुंडाळून कोपऱ्यात ठेवलेली, पाटी पुसून पालथी घातलेली. खांबाला टेकून दोघी जणी उभ्या. एक माझ्या खोलीला खोली लागून राहणाऱ्या मावशी, दुसऱ्या म्हणजे जवळच्या तांड्यावरच्या मावशी. दोघींच्या लुगड्यांवर चुन्याचे शिंतोडे, दोघींच्या तोंडावर आनंद मावत नव्हता.

"कसं झालं?" शेजारच्या मावशी म्हणाल्या. "सायेब खूश झाला पायजे बघ."

मी काय काय बोलले ते इथं लिहायची मला लाज वाटते. अडाणी म्हणाले. वाटोळं केलं म्हणाले. माझ्या मायची खूण पुसली, तुमच्या हाताला काही वाटलं कसं नाही, असं म्हणाले. सत्तरी ओलांडलेल्या बायांना! त्यांच्या तोंडावरचा आनंद मी बघता बघता उतरताना पाहिला, आणि तरी माझं तोंड थांबेना.

"अगं पर ऐकून तं घे," तांड्यावरच्या मावशी म्हणत होत्या. "काहून एवढी वरडून राहिली? आमी आणलंय ना सोबत."

"काय आणलंय? कपाळ माझं?"

त्यांच्या काखेत एक पिशवी होती. मी तिच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तेवढ्यात जीप आली.

साहेब म्हणून आली ती एक तिशीतली पोरगी, पाठीला सॅक, पायात बूट. म्हाताऱ्या तिला सायेबच म्हणत राहिल्या. तिनं पांढऱ्या भिंतीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी फाईल उघडून तिच्या हातात दिली. दुसरं माझ्याकडं होतं काय?

"ही तुमच्या आईंची खूण?" तिनं पहिलं पान बघत विचारलं. "भिंतीवर साधारण कुठं होती, दाखवता का?"

मी खांबापाशी जाऊन हात ठेवला. "इथं."

मागं कुणीतरी खाकरलं. मग तांड्यावरच्या मावशी हळूच म्हणाल्या, "सायेब, ते फूल माझं हाय."

मला आधी कळलंच नाही. मी म्हटलं, "मावशी, निळं फूल."

"व्हय, निळंच. बंगल्यातले कपडे मीच धूत होते ना सकाळच्याला. तिथली नीळ बोटाला लागून यायची. तिचंच काढलं."

"मग तीन वर्षांत एकदाही बोलला का नाहीत?"

"तू एवढ्या लोकायला सांगून राहिली होती, कागदावर छापलं होतं. चारचौघात तुला खोटं कसं पाडावं?" त्या शेजारच्या मावशींकडं बघून म्हणाल्या. "अन् तुझी माय माझ्या बाजूलाच बसत होती. म्हटलं, ऱ्हाऊ दे. माझं काय अन् तिचं काय."

चीड, लाज, दोन्ही एकदम आलं. खात्याच्या मॅडम वहीत लिहीत होत्या. मग त्यांनी जे तीन वर्षांत मी एकदाही विचारलं नाही ते विचारलं. म्हणाल्या, "आजी, तुम्ही कशा बसायचात ते दाखवता का?"

आणि लिंबाखालच्या चौघी-पाचजणी उठून आल्या. कुणी कुणाला सांगितलं नाही. एकीनं पायानं मोजल्यासारखं केलं आणि बसली. दुसरी तिच्यापासून दोन हात सोडून बसली. मी म्हटलं, मधे जागा का सोडली? तर म्हणे ती मागच्या साली वारली. तिसरी बसली, पुढं पुन्हा मोकळी जागा, ती मुलाकडं पुण्याला असते. भिंतीवर एक रेघ नव्हती आणि एकीचीही जागा चुकली नाही. तांड्यावरच्या मावशी खांबापाशी बसल्या. त्यांच्या डाव्या हाताला जागा रिकामी राहिली, आणि तिच्या पलीकडं शेजारच्या मावशी टेकल्या.

"ही तुझ्या मायची," शेजारच्या मावशी म्हणाल्या.

"तिची खूण काय होती?" हे मीच विचारलं.

"तिनं कुठं काय काढलं होतं? तुला झोपेतच उचलून आणायची ती कामावर. इथं बसली की पयले डबी काढायची, तुझ्या डोळ्यात काजळ घालायची अन् बोट पुसायची भिंतीला. रोज. बराबर त्याच जागी. तीच तिची खूण झाली. काळा डाग. मुकादम म्हणायचा, भिंत घाण करून राहिली, तर ती म्हणायची, मंग लुगडं घाण करू का?"

सगळ्या हसल्या. मॅडमसुद्धा. मी त्या जागेकडं बघत होते. फुलाच्या बाजूला, तळहाताएवढा, चिकट. ओलं फडकं. मग साबण. मी मघाशी ज्या बायांना अडाणी म्हणाले, त्यांनी चुना मारला तेव्हा त्याच्याखाली माझ्या मायचं काही नव्हतंच. ते मी दोन वर्षांपूर्वीच धुऊन काढलं होतं. माझ्या हातानं. घासून.

मी ते तिथं सगळ्यांदेखत सांगितलं. सांगायलाच पाहिजे होतं, मघाशी जे बोलले होते त्यानंतर.

मग तांड्यावरच्या मावशींनी पिशवी पुढं ओढली. आत गेरूचा खडा, हळद, कुंकवाची पुडी, निळीची बाटली. मॅडमना म्हणाल्या, "सायेब, दर दिवाळीला कंपनी चुना द्यायची. भिंत आमीच मारत होतो. सगळ्या खुणा जायच्या अन् मंग सगळ्याजणी आपापली खूण पुन्हा काढायच्या. नवी बाई आली तर तिला जागा दाखवून द्यायची, तिची खूण काढून घ्यायची. तुमी येणार म्हणून आमी तसंच केलं. तुमच्यासमोर काढून दाखवायचं होतं. ही पोरगी आल्या आल्या वरडायला लागली."

म्हणजे मी दोरी बांधून, पाटी लावून, हात लावू नका म्हणून जे तीन वर्षं सांभाळलं, ते फक्त शेवटच्या दिवाळीचं उरलेलं होतं. चालू होतं ते ह्या बायांच्या हातात, आणि त्यांना मी लिंबाखाली बसवून ठेवलं होतं. डोकं आपटून घ्यावंसं वाटलं मला.

मॅडम चांगल्या होत्या. सगळं लिहून घेतलं, फोटो काढले. पण जाताना मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "बाई, अडचण अशी आहे की खुणा आता काढल्या तर त्या आजच्या होतात. फॉर्ममध्ये वय विचारतात." कालपर्यंत मीही हेच म्हटलं असतं, आणि त्यांच्याहून ठसक्यात. महिन्याभरानं पत्र आलं. मूळ खुणा शिल्लक नसल्यानं विचार करता येत नाही. भाषा सभ्य होती. काका पत्र वाचून म्हणाले, "बंगला दाखवायला पायजे होता." मी त्यांना काय म्हणाले ते राहू दे.

पण हे नंतरचं. त्या दुपारी जीप गेली आणि आम्हीच उरलो. मावश्यांनी खुणा काढायला घेतल्या. गेरूचा पंजा उमटला, पण आता बोटं वाकडी. चिमणी आली, चोच जरा मोठी. वारलेल्या बाईची हळदीची बोटं तिच्या शेजारणीनं काढली. तांड्यावरच्या मावशींनी निळं फूल काढलं, पण पाकळ्या सातच बसल्या. बाजूची जागा पांढरीच राहिली. मी उभीच होते. मला वाटत होतं तिथून निघून जावं, घरी जाऊन दार लावून घ्यावं.

"बस ना," तांड्यावरच्या मावशी म्हणाल्या. "तुझ्या मायची जागा हाय, उभी काहून?"

मी बसले. पाठ भिंतीला टेकवली, ओल्या चुन्याला. त्यांनी पिशवीत हात घातला आणि तळातून एक पितळी डबी काढली, काजळाची. नातवाची असेल. करंगळीला लावलं, दुसऱ्या हातानं माझी हनुवटी धरली. मी पन्नाशी ओलांडलेली बाई, डोळ्यावर चष्मा, उद्या शाळेत पोरांसमोर उभी राहणारी. म्हटलं, "मावशी, काय करताय?"

"चष्मा काढ."

मी काढला. त्यांनी आधी एका डोळ्यात काजळ घातलं, मग दुसऱ्यात. बोट खरबरीत होतं, झोंबलं. मग माझ्या डोक्यावरून हात नेऊन त्यांनी ते बोट भिंतीला पुसलं.

मी मान वर करून पाहिलं. चुना ओला होता, काळं जरा पसरलं. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले, आणि काजळामुळं रडले असं कुणी म्हणालं नाही.

गाळ्यांचं काम दिवाळीनंतर सुरू होणार म्हणतात. तोवर रोज शाळेत जाताना मी पाच मिनिटं तिथं टेकते. मावशी आलेल्या असतात, डबी घेऊन.